शाळांची तुलना आणि लहान पट

प्रतिवर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल हाती आला म्हणजे केंद्रातील शाळांची उतरत्या क्रमाने यादी करण्याची प्रथा आपल्याकडे पडून गेली आहे. पहिली शाळा कोणती व शेवटची कोणती हे त्या यादीवरून तत्काळ समजते. परंतु कोणत्या शाळेतील अध्यापन अधिक चांगले आहे हे त्यावरून समजते काय, याचा विचार क्वचितच केला जातो.

काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशी एक यादी केंद्राच्या सभेत फळ्यावर लिहिली होती. अगदी तळाशी एका वाडीवरील शाळा होती; तिचा निकाल शून्य टक्के. तेथील शिक्षिका सभा संपेपर्यंत खाली मान घालून बसल्या होत्या. पुढील वर्षी तीच शाळा शंभर टक्के निकाल मिळवून यादीच्या शिरोभागी आली. शिक्षिका त्याच होत्या व शिकविण्याची पद्धतही तीच होती. पहिल्या वर्षी परीक्षेस तीन मुले बसली होती आणि दुसऱ्या वर्षी दोन, एवढाच काय तो फरक. मी फळ्यावर शेकडेवारी लिहिली, मुलांची संख्या लिहिली नाही. चूक माझी होती.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, मध्ये पऱ्हे व डोंगर, त्यात कुटुंबे मुंबईकडे गेलेली. त्यामुळे एकेका इयत्तेत दोन-चार मुले असलेल्या शाळा मंडणगडपासून राजापूरपर्यंत सर्वत्र आढळतात. चार मुलांच्या वर्गात एका मुलाचे यश म्हणजे शेकडा २५. चाळीस मुलांच्या वर्गात तेच अडीच. समजा, सर्व शाळांतील अध्यापन अगदी एकसारखे आहे आणि प्रत्येक मुलाच्या यशाचा व अपयशाचा संभव समान आहे. तरीदेखील चार मुले बसविणाऱ्या १६ शाळांपैकी सरासरीने एकीचा निकाल शंभर टक्के व एकीचा शून्य टक्के लागेल. कारण चार वेळा उडविलेल्या नाण्याचा चारही वेळा छापा पडण्याचा संभव १६ मध्ये एक असतो. दहा मुले बसली तर तोच संभव १,०२४ मध्ये एक इतका कमी होतो. वरच्या वर्गातील मुलांकडून नाणी उडवून घेऊन हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मुलांना मौज वाटते व आपणांसही बोध होतो.

म्हणूनच अशा याद्यांत लहान शाळा दोन्ही टोकांस सापडतात आणि मोठ्या शाळा मध्यभागी राहतात. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यातील शाळांच्या निकालांचा अभ्यास करून टॉमस केन व डग्लस स्टायगर या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली हीच गोष्ट दाखवून दिली होती. लहान शाळा वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. त्या उत्तम असतात असाही नव्हे.

दुसरी गोष्ट भाजकाची. शिष्यवृत्ती परीक्षेस बसणे सक्तीचे नाही. एका शाळेने पटावरील आठही मुले बसविली व चार यशस्वी झाली. दुसरीने आठांतून निवडून दोनच बसविली व दोन्ही यशस्वी झाली. यादीत दुसरी शाळा वर जाते. मुलांचे हित कोणी अधिक पाहिले, हे सुज्ञ शिक्षकांस सांगावयास नको.

मोठ्या सर्वेक्षणांचे आकडेही शाळेच्या गळ्यात बांधण्याचा मोह होतो. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेले राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण निवडक शाळांत झाले व त्याचे निष्कर्ष जिल्ह्यापुरते दिले गेले. ‘असर’ सर्वेक्षणात तर जिल्ह्यातील ३० गावे व प्रत्येक गावातील २० घरे घेतात. मुलांची पाहणी घरी होते, शाळेत नव्हे. जिल्ह्याची स्थिती जाणण्यास ती उपयुक्त आहेत. अमुक वाडीची शाळा तमुक वाडीच्या पुढे की मागे, हे त्यांतून निघत नाही.

शिवाय मुले कोठून आली हेही पाहिले पाहिजे. आंब्याच्या बागांची राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्यावर दाखल होतात. चिरेखाणीवर काम करणाऱ्या कन्नडभाषी मजुरांची मुले मराठी प्रथमच ऐकतात. असे मूल मार्चपर्यंत मराठी शब्द वाचू लागले तर त्या शिक्षकाचे काम मोठे आहे. पण ते यादीत कोठेच उमटत नाही.

मग तुलना करूच नये काय? अवश्य करावी, परंतु प्रथम मुलाची त्याच्याच पूर्वस्थितीशी. जुलैमध्ये प्रत्येक मूल अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर आहे ते नोंदवावे, मार्चमध्ये पुन्हा पाहावे आणि किती मुले पुढे सरकली ते मोजावे. तीन वर्षांची मुले एकत्र धरली म्हणजे आकड्यांस थोडी स्थिरता येते. पूर्ण येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर सारख्या पटाच्या व सारख्या परिस्थितीच्या शाळा शेजारी ठेवून जेथे अधिक मुले पुढे गेलेली दिसतील, तेथील वर्ग एक दिवस प्रत्यक्ष पाहून यावे. फळ्यावरील यादीपेक्षा असा एक दिवस मला अधिक शिकवून गेला आहे.

पुढील केंद्रसभेस येताना प्रत्येक शाळेने चार रकाने भरून आणावेत: पटावरील मुले, परीक्षेस बसलेली मुले, जुलैनंतर एक तरी पायरी चढलेली मुले, आणि वर्षाच्या मध्यावर आलेली मुले. शेकडेवारीचा रकाना मुद्दामच ठेविलेला नाही.