काढ्याच्या चोथ्याचा विनियोग

काढा गाळून झाला की औषधनिर्माणशाळेचे काम संपले असे आपण समजतो. उरलेला चोथा मागील अंगणात ओलाच पडून राहतो, दोन दिवसांत आंबतो आणि त्यावर माश्या घोंघावू लागतात. या चोथ्याचा विचार भैषज्यकल्पनेचाच भाग मानावा, असे आम्हांस वाटते.

शार्ङ्गधरोक्त सामान्य मानानुसार एक भाग द्रव्यास सोळा भाग पाणी घालून अष्टमांश उरवावयाचे असते. १० किलो भरडीसाठी १६० लिटर पाणी घेतले, तर २० लिटर काढा हाती येतो व १४० लिटर पाण्याची वाफ होते. एवढे इंधन खर्चून द्रव्याचा सारभाग चोथ्यातच राहिला, तर तो दुहेरी अपव्यय होय. म्हणून भरड एकसारखी असावी आणि कठीण द्रव्ये आदल्या रात्री भिजत घालावीत.

दशमुळांसारख्या काष्ठमय द्रव्यांचा चोथा कडक उन्हात वाळविल्यास त्याच भट्टीस सरपण म्हणून चालतो. पाने व पंचांगे यांचा मऊ चोथा, तसेच च्यवनप्राशाच्या वेळी निघणाऱ्या आवळ्याच्या रेषा शेणात मिसळून त्यांचे उत्तम खत होते. मात्र वत्सनाभ, भल्लातक यांचे अवशेष आणि पारदशोधनातील धुवण भट्टीत वा खतात कदापि जाऊ देऊ नये. अशा घातक अवशेषांवर योग्य प्रक्रिया करूनच त्यांची विल्हेवाट लावावी, असे २००० साली अधिसूचित झालेल्या 'शेड्यूल टी'मध्येही सांगितले आहे.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. वाळलेला चोथा दिसावयास पुष्कळदा मूळ द्रव्यासारखाच असतो. असे निःसत्त्व द्रव्य चांगल्या मालात मिसळणे हा भेसळीचा एक परिचित प्रकार आहे. आपण टाकलेला चोथा उद्या बाजारातून आपल्याच कोठारात परत आला, तर रुग्णास औषधाच्या नावाखाली केवळ काष्ठचूर्ण मिळेल आणि दोष मात्र शास्त्रास लागेल.

यास्तव चोथा जसाच्या तसा कोणासही देऊ अथवा विकू नये. तो आवारातच जाळावा किंवा शेणात कालवावा व त्याच्या वजनाची नोंदवहीत नोंद ठेवावी. नवीन माल घेताना त्यातील जलविलेय अंशाची परीक्षा अवश्य करावी. उकळून निःसत्त्व झालेले द्रव्य तेथे उघडे पडते. लहान निर्माणशाळा चालविणाऱ्या वैद्यांनाही हे सहज साधण्याजोगे आहे.