एग्रेट म्हणजे नेमका कोणता बगळा?

पावसाळ्याच्या तोंडावर शेतात नांगर फिरू लागला की त्यामागून चालणारे पांढरे पक्षी आपण सर्वांनी पाहिलेले असतात. मराठीत तो गायबगळा, इंग्रजी पुस्तकात 'कॅटल एग्रेट'. तलावाच्या काठाशी एकटाच उभा असलेला राखी बगळा मात्र इंग्रजीत 'ग्रे हेरॉन' होतो. मराठीत दोघेही बगळेच. मग इंग्रजीत दोन नावे का? एग्रेट आणि हेरॉन हे पक्ष्यांचे दोन वेगळे गट आहेत का? शिक्षकांशी बोलताना हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना भाषा, इतिहास आणि जीवशास्त्र या तिन्ही दारांतून जावे लागते.

एकाच मुळाचे दोन शब्द

जुन्या जर्मन भाषेत बगळ्याला 'हायगारो' असा शब्द होता. तो फ्रान्समध्ये गेला आणि त्याला दोन फाटे फुटले. उत्तरेकडे त्याचे 'हेरॉन' झाले. दक्षिणेकडच्या प्रोव्हाँसाल भाषेत 'ऐग्रॉन' झाले आणि त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून 'ऐग्रेटा' हे रूप तयार झाले. आपण डबा-डबी किंवा सुरा-सुरी म्हणतो, तसाच हा प्रकार. म्हणजे 'एग्रेट'चा मूळ अर्थ 'छोटा बगळा' एवढाच. चौदाव्या शतकाच्या सुमारास दोन्ही शब्द इंग्रजीत नांदू लागले. ते एकाच आजोबांची नातवंडे आहेत, हे मात्र बोलणारे विसरून गेले.

पक्ष्यापासून तुऱ्यापर्यंत

विणीच्या हंगामात या पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर लांब, झिरझिरीत पिसे येतात. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसांची शेंडीही लोंबते. फ्रेंचमध्ये पक्ष्याचेच नाव या पिसांना मिळाले, मग पिसांच्या तुऱ्याला, मग तुऱ्याच्या आकाराच्या रत्नजडित दागिन्याला. आपल्याकडील पगडीवरच्या कलगीचे वर्णन करताना इंग्रज लेखकांनी हाच शब्द वापरला. वनस्पतिशास्त्रातही तो शिरला. शाळेच्या आवारात सर्रास उगवणाऱ्या एकदांडीचे सुके फळ फुंकरीसरशी उडते, ते त्याच्या टोकावरील केसांच्या झुपक्यामुळे. अशा झुपक्यालाही 'एग्रेट' म्हणत. टोकदार विद्युतवाहकातून हवेत फुटणाऱ्या प्रकाशाच्या कुंचल्याला फ्रेंच लोक याच शब्दाने ओळखतात.

अर्थाचा हा प्रवास आपल्याला परका वाटू नये. मराठीतला 'तुरा' पाहा. कोंबड्याच्या डोक्यावर तुरा, पागोट्यात तुरा आणि उसालाही तुराच येतो. आकाराचे साम्य दिसले की भाषा जुना शब्द नव्या वस्तूला देऊन टाकते.

सोन्याहून महाग पिसे

नेहमीच्या पिसाला मधला दांडा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना तंतू फुटतात, तंतूंना आणखी बारीक उपतंतू असतात आणि उपतंतूंवरच्या आकड्या एकमेकींत अडकतात. त्यामुळे पिसाचा सलग पडदा तयार होतो. विणीच्या पिसांत ही अडकण नसते. तंतू सुटे राहतात, वाऱ्याच्या झुळकीनेही थरथरतात. जोडीदाराला आकर्षित करण्यासाठी उपयोगी पडणारे हे सौंदर्यच बगळ्यांच्या मुळावर आले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत स्त्रियांच्या टोप्यांवर ही पिसे लावण्याची फॅशन आली. वजनाला वजन धरले तर पिसांना सोन्याहून अधिक भाव येऊ लागला. ही पिसे हवीत तर पक्षी विणीच्याच काळात मारावा लागे. आणि घरट्यातली पिले उपाशी मरत. एका तुऱ्यामागे दोन पिढ्या जात. व्यापारी मात्र गळून पडलेली पिसे गोळा केल्याचे सांगत, आणि इंग्लंडच्या बाजारात तर ही पिसे 'ऑस्प्रे' या भलत्याच पक्ष्याच्या नावाने विकली जात. शब्द बदलला की गुन्हाही दिसेनासा होतो, याचा हा नमुना.

याविरुद्ध उभ्या राहिल्या त्या प्रामुख्याने स्त्रियाच. 1889 साली इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी आणि 1896 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये हॅरिएट हेमेनवे व मिना हॉल यांनी पक्षिरक्षणाच्या संस्था उभारल्या. 1905 साली फ्लोरिडात बगळ्यांच्या वसाहती राखणारा गाय ब्रॅडली हा रक्षक गोळीला बळी पडला. हिंदुस्थान सरकारने 1902 साली पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमध्ये तर पिसांसाठी बगळे पाळले जात. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा ब्रिटनचा कायदा 1921 साली झाला.

शब्द हाच पुरावा

1465 साली यॉर्कच्या आर्चबिशपच्या पदग्रहणाच्या मेजवानीत एक हजार एग्रेट शिजवल्याची नोंद आहे. ते खरोखरच बगळे असतील, तर त्या काळी इंग्लंडमध्ये या पक्ष्यांची संख्या फार मोठी असली पाहिजे. पण काही अभ्यासकांच्या मते 'एग्रेट' म्हणजे येथे 'तुरेवाला पक्षी', म्हणजे शेंडी असलेली टिटवी. पाचशे वर्षांपूर्वीच्या पक्षिसंख्येचा अंदाज असा एका शब्दाच्या अर्थावर लोंबकळत राहतो. छोट्या बगळ्याने ब्रिटनमध्ये घरटे केल्याची आधुनिक काळातील पहिली नोंद 1996 सालची आहे. तो तेथे नवा पाहुणा आहे की परत आलेला जुना रहिवासी, हा प्रश्नही याच शब्दाशी जोडलेला आहे.

रंगावरून नाते ठरत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एग्रेट हा जीवशास्त्रीय गट नाही. साधारणपणे पांढऱ्या आणि विणीची पिसे येणाऱ्या बगळ्यांना दिलेले ते व्यवहारातले नाव आहे. छोटा बगळा 'एग्रेटा' वंशातला. मोठा बगळा त्याच्यासारखाच पांढराशुभ्र. पण तो 'आर्डिया' वंशातला, म्हणजे राखी बगळ्याचा अधिक जवळचा नातलग. गायबगळ्याला पूर्वी 'बुबुल्कस' हा स्वतंत्र वंश दिला होता. या लॅटिन शब्दाचा अर्थ गुराखी. जनुकांच्या अभ्यासानंतर अलीकडच्या याद्यांत त्यालाही 'आर्डिया'त घेतले आहे. उलट, मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारा समुद्र बगळा 'एग्रेटा' वंशातला असूनही पुष्कळदा गडद राखाडी असतो. त्याच जातीत पांढरे पक्षीही आढळतात. त्याला इंग्रजीत कोणी हेरॉन म्हणतात, कोणी एग्रेट!

संस्कृत 'बक'शी नाते सांगणारा आपला 'बगळा' या घोळात पडत नाही. राखी, जांभळा, मोठा, छोटा ही विशेषणे लावून तो सर्वांना एका घरात ठेवतो, आणि ते निसर्गातील नात्याला धरूनच आहे. म्हणून 'एग्रेट म्हणजे पांढरा बगळा, हेरॉन म्हणजे वेगळा पक्षी' असे फळ्यावर लिहिण्याआधी आपण थोडे थांबावे. विद्यार्थ्यांना एखाद्या तळ्याकाठी न्यावे, चोच, पाय आणि पायाच्या बोटांचा रंग टिपून घ्यायला सांगावे. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटे पिवळी दिसली की विद्यार्थी तो पक्षी विसरत नाहीत. नाव हे ओळखीचे साधन आहे. नाते मात्र पक्ष्याकडे पाहूनच शोधायचे असते.