पठारावरील जलविद्युत् : पैठण, कोयना व येलदरी

जलविद्युत्केंद्राची शक्ती त्याच्या मागे अडविलेल्या पाण्याच्या साठ्यावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आढळतो. हा समज अपुरा आहे. पैठणचा नाथसागर आणि सातारा जिल्ह्यातील कोयनेचा शिवसागर या दोन जलाशयांची एकूण धारणशक्ती जवळजवळ सारखीच, म्हणजे प्रत्येकी शंभर अब्ज घनफुटांहून थोडी अधिक आहे. असे असूनही कोयनेच्या पाण्यावर एकंदर १,९६० मेगावॉट क्षमतेची केंद्रे उभी आहेत. पैठणच्या केंद्राची क्षमता मात्र अवघी १२ मेगावॉट आहे. दोन्ही ठिकाणची यंत्रे महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी ही एकच सरकारी कंपनी चालविते. तेव्हा या तफावतीचे कारण व्यवस्थापनात नव्हे, तर भूमीच्या रचनेत आणि पाण्यावरील अग्रहक्कांत शोधले पाहिजे.

जलविद्युत् ही वस्तुतः उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची शक्ती होय. मिळणारी वीज दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते : पाण्याचे परिमाण आणि ते ज्या उंचीवरून यंत्रावर येते ती उंची. एक घनमीटर पाणी ४७५ मीटर खाली आले, तर घर्षण व यंत्रांतील घट वजा जाता एका युनिटाहून थोडी अधिक वीज हाती येते. तेच पाणी केवळ ३० मीटर खाली आले, तर एका युनिटासाठी सुमारे १४ घनमीटर पाणी खर्ची पडते. पाणी तेच, साठाही तेवढाच. परंतु त्याचे विजेतील मोल पंधरा-सोळा पटींनी उतरते.

कोयनेला ही उंची सह्याद्रीने दिली. कोयना ही कृष्णेची उपनदी असून तिचे नैसर्गिक वहन पूर्वेकडे आहे. तिचे पाणी अडवून बोगद्यांनी पश्चिमेस वळविले की ते कोकणाच्या बाजूस शेकडो मीटर खाली उतरते व वीज निर्माण करून अखेरीस वाशिष्ठी नदीस मिळते. पहिल्या टप्प्याची वीज १९६२ साली मिळू लागली व पुढील टप्प्यांनी ही क्षमता वाढत गेली. परंतु या लाभास किंमत आहे. पश्चिमेस गेलेले पाणी कृष्णेच्या खोऱ्यातील शेतीस कायमचे पारखे होते. म्हणूनच बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निर्णयात या वळणास वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. कोयनेची वीज किती, हा प्रश्न अशा रीतीने पाण्याच्या वाटणीचाही प्रश्न ठरला.

गोदावरी पैठणला येते तेव्हा सह्याद्री फार मागे राहिलेला असतो. येथील भूमी सपाट आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणाची उंची पायापासून सुमारे ४१ मीटर असल्याने पाण्याला मिळणारा उतार त्याहूनही कमी आहे. शिवाय धरणाचा मुख्य हेतू सिंचनाचा होता. २०८ किलोमीटरांचा डावा आणि १३२ किलोमीटरांचा उजवा असे दोन कालवे जलाशयातून वरच्या पातळीवर निघतात. धरणाच्या पायथ्याशी वीज करण्यासाठी सोडलेले पाणी नदीच्या पात्रात उतरते, आणि एकदा उतरलेले पाणी आपोआप कालव्यात चढत नाही. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणीही याच जलाशयातून येते.

या अडचणीचे स्वरूप एका हिशेबाने स्पष्ट होईल. उंची ३० मीटर धरली, तर १२ मेगावॉटचे यंत्र सहा तास पूर्ण शक्तीने चालविल्यास ७२,००० युनिटे मिळतील व त्यासाठी सुमारे दहा लाख घनमीटर पाणी खाली जाईल. दर माणशी दररोज १३५ लिटर या शहरी मानाने पाहता, हे पाणी सुमारे ७४ लाख माणसांना एक दिवस पुरेल एवढे आहे. अवर्षणाच्या प्रदेशात अशी अदलाबदल कोणासही परवडणारी नाही.

यावरचा अभियांत्रिकी तोडगा म्हणजे उदंचन. पैठणचे यंत्र उलट्या दिशेनेही चालू शकते. विजेची मागणी शिगेस असते त्या वेळी ते जनित्राचे काम करते. खाली आलेले पाणी नदीतील बंधाऱ्यामागे थोपते. आणि मागणी उतरली की तेच यंत्र पंप होऊन पाणी पुन्हा जलाशयात चढविते. अर्थात या फेऱ्यात विजेची निव्वळ भर पडत नाही. सुमारे पाऊण लाख युनिटे मिळविण्यासाठी जवळजवळ एक लाख युनिटे खर्चावी लागतात. लाभ आहे तो वेळेचा : ज्या घटकेस वीज विपुल असते तेव्हाची वीज, टंचाईच्या घटकेसाठी पाण्याच्या रूपाने राखून ठेवता येते. प्रवरेच्या उगमाच्या परिसरातील २५० मेगावॉटचे घाटघर केंद्र हे याच तत्त्वाचे मोठे रूप होय. दुपारच्या सौर विजेचे प्रमाण वाढत असताना या तत्त्वाचे महत्त्वही वाढत आहे.

मराठवाड्यातच परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे निराळी रचना आढळते. पूर्णा नदीवरील या केंद्राची क्षमता २२.५ मेगावॉट, म्हणजे पैठणच्या जवळजवळ दुप्पट आहे. जलाशय मात्र नाथसागराच्या एकतृतीयांशाहूनही लहान आहे. यंत्रांतून बाहेर पडलेले पाणी पात्राने सिद्धेश्वर जलाशयात जाते आणि तेथून सिंचनाच्या कालव्यास मिळते. येथे वीज व शेती यांच्यात स्पर्धा नाही. शेतीसाठी निघालेले पाणी वाटेत वीज देऊन जाते. मात्र त्यामुळेच यंत्रांची वेळ शेतीच्या पाळ्यांशी बांधलेली राहते.

ही केंद्रे कंपनीच्या हाती असली तरी धरणे व पाणी जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत आहेत, आणि टंचाईत पिण्याच्या पाण्यास पहिला मान असतो. २०१६ व २०१९ च्या उन्हाळ्यांत नाथसागराचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यास हात घालावा लागला. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्यावरून वारंवार वाद झडतात. वरच्या शेतकऱ्याने सोडलेले पाणी पैठणला विजेसाठी नदीत उतरविले जावे, हे कोणास मान्य होईल ? याउलट जलाशय तुडुंब भरून दरवाजे उघडावे लागतात, तेव्हा वाहून जाणाऱ्या पाण्यावर केलेली वीज ही निखळ मिळकत असते.

सारांश, सह्याद्रीच्या माथ्यावर जलविद्युत् हा पाण्याचा मुख्य उपयोग होऊ शकतो. पठारावर मात्र ती दुय्यमच राहते, आणि तसे राहण्यातच तिचे औचित्य आहे. पैठणच्या केंद्राची तुलना कोयनेच्या मेगावॉटांशी करून त्यास अपयशी ठरविणे न्याय्य नव्हे. ज्या प्रदेशात पाण्याचा प्रत्येक थेंब आधीच कोणाच्या तरी नावे लागलेला आहे, तेथे विजेने पाणी किती कमी खर्च केले, ही कसोटी तिने किती युनिटे दिली या कसोटीइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे.