‘चालू होईना’ म्हणजे नेमकं काय होईना?

‘कॉम्प्युटर चालू होईना’ हे वाक्य मी मोहोळ तालुक्यात इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की आता ते कुणी म्हणायच्या आधी चेहऱ्यावरून ओळखू येतं. शाळेचं कार्यालय असो, पतसंस्था असो, ग्रामपंचायत असो, वाक्य तेच असतं. दुखणं मात्र दर वेळी वेगळं. डॉक्टरकडे जाऊन आपण ‘बरं वाटंना’ म्हणालो तर ते विचारतात, कुठं दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर. कॉम्प्युटरच्या बाबतीत हे कुणी विचारत नाही. सोलापूरहून एक पोरगा येतो, ‘फॉरमॅट मारावा लागंल’ म्हणतो, मारतो, पैसे घेतो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मी इंजिनिअर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा आणि पोटासाठी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून खुर्ची झिजवलेला माणूस. पण गझल लिहिताना एक सवय लागली. शेर अडला तर तो कुठल्या शब्दाशी अडला ते आधी पाहायचं, सगळा कागद फाडायचा नाही. ती सवय कार्यालयातल्या मशीनपुढं फार उपयोगी पडली.

मशीन सुरू होताना आत काय घडतं ते आधी बघू. आपण बटण दाबतो तेव्हा भिंतीतली २३० व्होल्टची वीज मागच्या बाजूला असलेल्या एका पत्र्याच्या डबीत जाते. तिला मेकॅनिक एसएमपीएस म्हणतात. ती डबी या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे छोटे घास करून आतल्या भागांना भरवते. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमधली बायोस नावाची छोटी आज्ञावली जागी होते आणि हजेरी घेते. प्रोसेसर आहे? हजर. मेमरी आहे? हजर. पडदा दाखवणारं कार्ड? हजर. सगळे हजर असले तर पुष्कळ जुन्या मशीनमध्ये एक छोटासा ‘पीप’ असा आवाज येतो. मेमरी गैरहजर असेल तर अनेक मशीन लांब सूर लावून ओरडत राहतात. हजेरीनंतर बायोस डिस्क शोधते आणि तिथून विंडोजला उठवते. विंडोज उठली की आपल्याला पडद्यावर चित्र दिसतं.

या सगळ्या उठण्याला ‘बूट होणं’ म्हणतात. हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला आहे. इंग्रजीत एक जुनी गंमत आहे, आपल्याच बुटाचा मागचा पट्टा धरून स्वतःला वर उचलणं. मशीनसुद्धा स्वतःच स्वतःला उठवतं, म्हणून हे नाव पडलं. 

तर ‘चालू होईना’ असं म्हणण्याआधी एवढंच पाहायचं, की ते कुठल्या पायरीवर बसकण मारतं. पंखासुद्धा फिरत नसेल तर विजेचा प्रश्न आहे. पंखा फिरतो, पण पडदा काळाच, तर हजेरीत कुणीतरी गैरहजर आहे. काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नाही असं इंग्रजीत आलं, तर आधी कुणाचा पेनड्राइव्ह मागं लावलेला राहिला आहे का ते बघा. निम्म्या वेळा तोच असतो. आणि विंडोजचं चिन्ह येऊन गोल गोल फिरत राहिलं, तरच दोष विंडोजचा असण्याची शक्यता जास्त. फॉरमॅट हा फक्त या शेवटच्या पायरीवरचा उपाय आहे. पहिल्या पायरीवरच्या आजाराला तो देणं म्हणजे पाय मोडलेल्याला खोकल्याचं औषध.

वारंवार येणाऱ्या आजाराला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : केव्हा येतो? आमच्या कार्यालयात एक मशीन होतं. मंगळवार ते शनिवार तक्रार नाही. सोमवारी सकाळी मात्र काळा पडदा, इंग्रजीत दोन ओळी आणि ‘एफ-वन दाबा’. दाबलं की सुरू व्हायचं, पण तारीख एक जानेवारी आणि साल दहा-बारा वर्षांपूर्वीचं. दोनदा फॉरमॅट मारून झाला होता.

एका सोमवारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची तारीख होती. सीनाकाठच्या एका गावातून एक बाप मुलीला घेऊन, त्या दिवसाची मजुरी बुडवून, खिडकीशी उभा होता. मशीन सुरू झालं, पण अर्जाची साइट उघडेना. ‘सुरक्षित नाही’ असं म्हणून दार लावून घ्यायची. मुलगी काही बोलत नव्हती, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

आमचे शिपाईमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, “भाऊसाहेब, ह्याला रविवारची सुट्टी मानवत न्हाई.”

मी विचारलं, “मामा, शनिवारी जाताना मेन स्विच कोण बंद करतं?”

“मीच की. हेडसरांचा हुकूम हाय, आग लागू नये म्हणून.”

तिथं गाठ सुटली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, तीन व्होल्टचा, सीआर २०३२ नावाचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसची टाचणं तो सांभाळतो. भिंतीतली वीज चालू असेल तोवर मशीन बंद असूनही त्या सेलवर ताण येत नाही. मेन स्विच पडला की सगळा भार त्याच्यावर. म्हातारा सेल एक रात्र कशीबशी काढतो, पण शनिवार दुपार ते सोमवार सकाळ त्याला निभत नाही. तारीख गेली की साइटही जाते, कारण प्रत्येक सुरक्षित साइटच्या ओळखपत्रावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. मशीनचं साल दहा वर्षं मागचं असेल, तर त्याच्या हिशेबी ते ओळखपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं.

हातानं तारीख बरोबर केली, साइट उघडली आणि मुलीचा अर्ज दुपारी दोनच्या सुमाराला गेला. सेल आम्ही संध्याकाळी घड्याळवाल्याकडून आणून बसवला. ‘सोमवारचा आजार’ त्यानंतर आला नाही. या निदानाचं श्रेय मामांचं.

दुसरा आजार मे महिन्यातला. मशीन सुरू होता होता पुन्हा बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. या झिणझिण्यांची चेष्टा करू नका. यंत्र आपल्याला काहीतरी सांगत असतं. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. इमारतीमागं अर्थिंगचा खड्डा असतो, त्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं, ते ओलं असेल तरच वीज जमिनीत उतरते. जानेवारीनंतर तिथं कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसतं. वायरमननं मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजला. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, आमच्याकडं तो कितीतरी जास्त निघाला. खड्ड्यात पाणी सोडलं, गंजलेली जोडणी बदलली आणि काटा खाली आला. हे मोजमाप स्वतः करू नये, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं. खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतणं मात्र कुणालाही जमतं. टँकरच्या दिवसांत ते मागणं जड जातं, हेही मला माहीत आहे.

यूपीएसचं थोडक्यात सांगतो. त्यातली छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. दाब कमी झाला की यूपीएस बॅटरीकडं वळतो, आणि नेमकं सुरू होताना मशीन एकदम जोर मागतं, तेव्हा थकलेली बॅटरी मान टाकते. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसला लावला असेल तर विचारूच नका, त्याचा आतला तवा तापताना तो सगळ्यांच्या वाटणीची वीज ओढतो. प्रिंटर सरळ भिंतीला लावा.

पहिल्या पावसानंतरचा आजार साधा आहे. वर्षभराची धूळ दमट होते आणि मेमरीच्या पट्टीची पिवळी टोकं मळतात. वायर काढून ठेवायची, मग बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज निघून जाऊ द्यायची, पट्टी बाहेर काढून टोकं खोडरबरानं हलकेच पुसायची, तुकडे झटकायचे, परत बसवायची. शाळेत खोडरबराला तोटा नसतो.

आता फॉरमॅटबद्दल जरा रागानं बोलतो. इंग्रजीत काम करणाऱ्या कचेरीला फॉरमॅट एक दिवस महाग पडतो, मराठीत काम करणाऱ्या कचेरीला त्याहून पुष्कळ जास्त. आपल्याकडं वर्षानुवर्षं श्रीलिपी, शिवाजी, आयएसएम अशा निरनिराळ्या फॉन्टांत पत्रं टंकलेली आहेत. युनिकोड नंतर रुळलं. विंडोज नव्यानं टाकली की जुने फॉन्ट जातात आणि दहा वर्षांचा पत्रव्यवहार उघडला तर नुसत्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टची सीडी सापडत नाही, तिच्याबरोबरचं कुलूप, म्हणजे तो मागं लावायचा डोंगल, कुणाच्या कपाटात आहे ते ठाऊक नसतं. मशीन ‘चालू’ होतं, पण कार्यालय बंदच राहतं. फॉरमॅट मारायला आलेल्या पोराला आधी एवढंच विचारा : कुठल्या पायरीवर अडलंय, आणि फॉन्टचं फोल्डर कुठं ठेवलंस?

हे दुखणं फक्त आमच्यासारख्या छोट्या कचेऱ्यांचं आहे असं मात्र नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. तो डिस्कच्या अगदी पहिल्या पानावरच बसायचा, जिथून विंडोजला उठवलं जातं. मशीन पुन्हा सुरू केलं की विंडोजऐवजी खंडणीची चिठ्ठी. उरणजवळ न्हावा-शेवाला जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडं असलेल्या टर्मिनलचं काम त्यानं कोलमडलं. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढं जाहीरपणे सांगितलं, की ४५ हजार कॉम्प्युटर आणि चार हजार सर्व्हर दहा दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. त्यातला एक तपशील मी कुठंही गेलो तरी सांगतो. कुणाला कुठल्या मशीनवर किती अधिकार, याची त्यांची मूळ वही जगभरातल्या सर्व्हरवर होती आणि सगळीकडं पुसली गेली. एक प्रत तेवढी वाचली. आफ्रिकेत घाना देशातल्या कार्यालयात हल्ल्याच्या आधी वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद पडलेला होता! भारनियमनानं कुणाचं भलं केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी तर व्हायरसही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळं, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली. सुरू व्हायचं, पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. आपल्या देशात विमान कंपन्यांनी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. कंपनीनं दीड तासाच्या आत फाइल मागं घेतली, पण जी मशीन उठतच नव्हती त्यांच्यापर्यंत दुरुस्ती इंटरनेटवरून पोचणार कशी? बहुतेक ठिकाणी एकेका मशीनसमोर माणूस बसवावा लागला. त्यानं ते ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे जेमतेम गरजेपुरतं, उठवायचं, ती एक फाइल पुसायची आणि पुढच्या मशीनकडं जायचं. अडलेली पायरी माहीत होती, म्हणून काम एका फाइलवर भागलं.

सेफ मोड आपल्यालाही उपयोगी आहे. विंडोज १० किंवा ११ सलग दोन-तीनदा उठताना पडली, की दुरुस्तीचा निळा पडदा स्वतःहून येतो, त्यात तो मार्ग मिळतो. अलीकडच्या विंडोजची आणखी एक खोड आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं तर ‘शट डाउन’ केल्यावर ती पूर्ण झोपत नाही, निम्मी जागीच राहते. म्हणून बंद करून चालू केलं तरी जुनं दुखणं तसंच राहतं, आणि ‘रीस्टार्ट’ केल्यावर जातं. असं वारंवार होत असेल तर ते फास्ट स्टार्टअप बंद करून पाहावं. विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे, त्यामुळं जुन्या मशीनच्या कचेऱ्यांना पुढचा विचार करावाच लागेल.

आमच्या कार्यालयात नंतर एक शंभर पानी वही मशीनशेजारी दोरीनं बांधली. तारीख आणि वार, वीज गेली होती का, कुठल्या पायरीवर अडलं, पडद्यावर काय आलं आणि काय केल्यावर सुरू झालं. इंग्रजी वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढायचा. मामांनी पाऊसपाण्याची नोंद त्यात आपण होऊन घातली आणि तीच सगळ्यात कामाची निघाली. आलेल्या मेकॅनिकपुढं ती वही ठेवली की त्याचा निम्मा वेळ वाचतो, आणि फॉरमॅटचा शब्द त्याच्या तोंडून जरा उशिरा निघतो.

एका बाबतीत मात्र वहीत आणखी नोंदी जमायची वाट पाहू नये. सुरू होताना डिस्कमधून घड्याळासारखा टक्-टक् आवाज येऊ लागला, तर बटण पुन्हा दाबू नका. अशी डिस्क प्रत्येक वेळी उठताना थोडी थोडी मरत असते. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडायची आणि जनरल रजिस्टर, पगारपत्रकं, फॉन्ट एवढं आधी उतरवून घ्यायचं. बाकीचं नंतर.