ठेवीदाराची न वाचलेली पॉलिसी

नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला आणि १९१० साली स्थापन झालेली एक जुनी संस्था अहिल्यानगरच्या आर्थिक जीवनातून उठली. तत्पूर्वी, डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले तेव्हा ठेवीदाराला अवघे १०,००० रुपये काढण्याची मुभा होती. सावेडीसारख्या नोकरदारांच्या उपनगरात भविष्यनिर्वाह निधी व उपदान मुदत ठेवीत गुंतवून व्याजावर संसार चालविणारे निवृत्त शिक्षक आणि कारकून घरोघर आढळतात. अशा माणसाच्या दृष्टीने प्रश्न एकच असतो : आपले किती पैसे परत मिळणार?

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने आधीच देऊन ठेवलेले आहे. आयुर्विम्याची पॉलिसी आपण कपाटात जपून ठेवतो. परंतु बँकेत ठेव ठेवताच आणखी एक विमा आपोआप लागू होतो, ज्याचा हप्ता बँक भरते, याची जाणीव फार थोड्यांना असते. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ रोजी ठेव विमा महामंडळ अस्तित्वात आले. प्रारंभीची मर्यादा होती १,५०० रुपये. १९९३ साली ती एक लाख झाली व पुढे २०२० पर्यंत तिथेच राहिली. या सत्तावीस वर्षांत रुपयाचे मोल किती घसरले, हे महिन्याचा किराणा भरणाऱ्यास सांगावयास नको.

आजची मर्यादा पाच लाखांची आहे. ती खात्यागणिक नसून एका बँकेतील एका ठेवीदारामागे आहे, आणि गोंधळ होतो तो इथेच. समजा, एकाच बँकेच्या दोन शाखांत एखाद्याच्या नावावर तीन-तीन लाखांच्या ठेवी आहेत. विमा पाचच लाखांचा. शिवाय या पाच लाखांत व्याजही धरले जाते. चार लाख ऐंशी हजारांच्या ठेवीवर चाळीस हजार व्याज साचले, तर वीस हजार मर्यादेबाहेर जातात. त्यांच्यासाठी अवसायकाच्या दारी वाट पाहणे आले. बँकेचे कर्ज थकलेले असल्यास तेही ठेवीतून वळते होऊ शकते. मात्र पतिपत्नींचे संयुक्त खाते वैयक्तिक खात्याहून निराळे मानले जाते. इतकेच नव्हे, तर नावांचा क्रम बदलून उघडलेले दुसरे संयुक्त खातेही स्वतंत्र गणले जाते. पावतीवर कोणाचे नाव प्रथम लिहावे, ही बाब म्हणूनच केवळ घरातील मानपानाची नव्हे.

नगर अर्बनच्या ९५ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकेल, असे परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने सांगितले. आकडा दिलासा देणारा खराच. परंतु ही शेकडेवारी ठेवीदारांची आहे, रुपयांची नव्हे. आणि उरलेल्यांत आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणारा निवृत्त माणूसही असू शकतो. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंधांनंतर साधारणतः ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली, ही सुधारणा मोलाची आहे. पूर्वी ठेवीदार वर्षानुवर्षे तिष्ठत असे.

आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत. बँकेपेक्षा एखादा टक्का अधिक व्याज तिथे मिळते. पावतीही तशीच दिसते, सही-शिक्काही तसाच असतो. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि या विम्याचे छत्र तिच्या ठेवींवर नाही.