परदेशातील हंगामी मजुरी : आधी परवाना, मग प्रवास

बडनेरा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन होय. कापसाची वेचणी व तुरीची सोंगणी आटोपली की परिसरातील कित्येक तरुण येथूनच गाडी धरून कामाच्या शोधात निघतात. मुंबई-पुण्यास जाण्यास कोणाची परवानगी लागत नाही. परदेशाची गोष्ट निराळी आहे. पर्यटकाच्या व्हिसावर गेलेल्या माणसास तेथे मजुरी करण्याचा हक्क नसतो. त्यासाठी कामाचा परवाना लागतो.

या कामी पहिले पाऊल बहुधा मालकाने उचलावयाचे असते. इटलीत हंगामी शेतमजूर बोलावण्यापूर्वी तेथील शेतमालकास सरकारची अनुमती घ्यावी लागते. कामाची मुदत नऊ महिन्यांपर्यंत असते. ब्रिटनमध्ये फळबागांतील कामासाठी सहा महिन्यांपर्यंतचा व्हिसा मिळतो, तोही सरकारमान्य संस्थांमार्फतच. म्हणून मालकाचे नाव न सांगता परवाना मिळवून देतो म्हणणाऱ्या दलालापासून दूर राहणेच इष्ट.

परवान्यावाचून काम करणाराची स्थिती किती असहाय होते, हे जून २०२४ मध्ये दिसून आले. इटलीतील लातिना भागात रीतसर कागदपत्रांवाचून राबणाऱ्या एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्यास रुग्णालयात न नेता घराजवळ टाकून देण्यात आले, आणि पुढे त्याचा मृत्यू झाला.

आपल्या देशातही १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशांना सौदी अरेबिया, कुवेत, मलेशिया आदी १८ देशांत नोकरीस जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. या मंजुरीसोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास तीत १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. भरती करणारा दलाल नोंदणीकृतच असला पाहिजे. त्यास ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर पडताळून पाहता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बांधवांस चार गोष्टी विचारण्यास सांगावे : मालक कोण, वेतन किती, मुदत किती आणि परवाना कोणाच्या नावे? यांची लेखी उत्तरे हाती आल्यावाचून शेत गहाण ठेवू नये, सावकाराचे कर्ज काढू नये व मूळ पारपत्र कोणाच्या स्वाधीन करून पावतीवाचून परतू नये.