पंचांग, सुट्ट्यांची यादी आणि पंडुम : चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील सणांचे वर्षचक्र

बीजशब्द : पंडुम, माडिया गोंड, झाडीपट्टी, स्थानिक सुट्टी, ग्रामसभा.

प्रस्तावना

नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी राज्य शासन सार्वजनिक सुट्ट्यांची यादी प्रसिद्ध करते आणि महाविद्यालयांचे वेळापत्रक तिच्या आधारे आखले जाते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील प्राध्यापकांचा अनुभव असा की, या यादीत नसलेल्या काही दिवशीही वर्ग ओस पडतात. अशा अनुपस्थितीला सामान्यतः अनास्था समजले जाते. वस्तुतः तिच्यामागे सणांचे एक स्वतंत्र वर्षचक्र उभे आहे. ते कसे चालते हे स्पष्ट करणे आणि महाविद्यालयाने त्याची दखल कोणत्या स्वरूपात घ्यावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र वनाच्छादित असून २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ३८.७ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. गोंडी, माडिया, झाडीबोली, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा येथे मराठीच्या सोबतीने नांदतात. साहजिकच येथील सणांचा उगम एक नाही. तथापि त्यांचा दिवस कोण व कशाच्या आधारे ठरवतो, या निकषावर त्यांचे तीन वर्ग पडतात.

तिथीने ठरणारे सण

पहिला वर्ग पंचांगाचा. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणी अशा मराठवाड्यातील जिल्ह्यांतून भाविक येतात व झरपट नदीत स्नान करून देवीचे दर्शन घेतात. या मंदिराचा इतिहास गोंड राजघराण्याशी, विशेषतः राणी हिराईशी जोडलेला आहे. म्हणजे गोंडकालीन राजधानीतील देवी आज दूरच्या शेतकरी-कष्टकरी समाजाचीही आहे. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते त्या काठावर जत्रा भरते. श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा होतो. १९६०च्या दशकात मुलचेरा, चामोर्शी परिसरात वसवलेल्या बंगाली निर्वासितांची दुर्गापूजा आणि तेलंगणाच्या सीमेवरील सिरोंचा भागातील तेलुगू परंपरेचे सणही याच वर्गात येतात.

तारखेने ठरणारे दिवस

दुसऱ्या वर्गातील दिवस इतिहासाने दिलेले आहेत. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूर येथे धम्मदीक्षा दिली. त्या स्मरणार्थ दरवर्षी तेथील दीक्षाभूमीवर मोठा समुदाय जमतो. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके यांना चंद्रपूरच्या कारागृहात फाशी देण्यात आली. तो दिवस शहीद दिन म्हणून पाळला जातो. १६ ऑगस्ट हा दिवस १९४२च्या चिमूर क्रांतीचा आहे. हे दिवस इंग्रजी तारखेने येतात, त्यामुळे वेळापत्रकात ते सहज बसवता येतात.

झाड आणि गाव यांनी ठरवलेले सण

तिसरा वर्ग मात्र कोणत्याही छापील दिनदर्शिकेत सापडत नाही. माडिया व गोंड समाजात सणाला ‘पंडुम’ म्हणतात. पेरणीपूर्वी बियाण्यांची पूजा करणारा विज्जा किंवा बीजा पंडुम, मोहफुलांचा पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, नव्या धानाचा पंडुम अशी ही मालिका वर्षभर चालते. प्रत्येकाचा गाभा एकच : नवे फळ, फूल वा धान्य प्रथम देवाला व पूर्वजांना अर्पण करावयाचे, तोपर्यंत गावातील कोणीही ते खावयाचे नाही. सणाचा दिवस गायता, भूमिया, पेरमा अशा गावच्या मानकऱ्यांच्या विचाराने ठरतो. तो ठरविताना झाडाची स्थिती पाहिली जाते. एका गावात पंडुम झालेला असतो, तर पलीकडच्या गावात तो अद्याप व्हावयाचा असतो.

यावरून पंडुम म्हणजे केवळ आनंदोत्सव नव्हे, तर ती सामूहिक अनुमती आहे, हे लक्षात येते. आधी नकार असतो आणि तो नकार एकाच दिवशी सर्वांसाठी उठतो. त्यामुळे कच्चे फळ ओरबाडण्यास आळा बसतो आणि बलिष्ठ कुटुंबाने आधी हात मारावा, असे घडत नाही. पर्यावरणरक्षणाच्या हेतूनेच हे सण निर्माण झाले, असे म्हणणे आधुनिक कल्पना भूतकाळावर लादणे ठरेल. परंतु त्यांचा परिणाम संयमाचा आहे, हे नाकारता येत नाही.

झाडीपट्टीतील मंडई हे याच वर्गातील, पण वेगळ्या प्रकृतीचे उदाहरण होय. दिवाळीच्या सुमारास धान हाती येऊ लागते, हाती थोडा पैसा व सवड असते. मग गावोगावी वेगवेगळ्या दिवशी मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री नाटक असा अनेक गावांचा क्रम असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली. या काळातही नाटकाचा हंगाम टिकून राहिला. वडसा-देसाईगंज हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र असून २०२३मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. हंगाम धानाने सुरू होतो आणि होळीच्या सुमारास मोहफुले गळू लागली की गावाचे लक्ष जंगलाकडे वळते.

मेक्सिकोचे उदाहरण

अधिकृत यादी व लोकांचे वर्ष यांतील हे अंतर केवळ आपल्याकडचे नाही. मेक्सिकोच्या कामगार कायद्यातील सक्तीच्या सुट्ट्या मोजक्या आहेत आणि बहुतांशी राष्ट्रीय स्वरूपाच्या आहेत. मृतांच्या स्मरणाचा १ व २ नोव्हेंबरचा जगप्रसिद्ध सण त्या यादीत नाही. तरीही मक्याचे पीकचक्र पूर्ण होण्याच्या वेळी येणारा, मूळनिवासी समाजांचा हा उत्सव युनेस्कोने २००८मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट केला. गावोगावच्या संरक्षक संतांचे उत्सवही त्या त्या गावाचेच असतात. कायद्याची सुट्टी नसतानाही सण टिकतो. तो टिकवणारा समाज व त्याचे पीक मात्र टिकावे लागते, हा त्यातून मिळणारा बोध होय.

प्रश्न अधिकाराचा

याच ठिकाणी सणांचा प्रश्न संस्कृतीपुरता मर्यादित राहत नाही. वनहक्क कायदा, २००६च्या कलम ५ने सामूहिक वनसंपत्तीच्या वापराचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या मेंढा (लेखा) या गावाने पुढे बांबूच्या विक्रीपर्यंत हा अधिकार वापरून दाखवला. वनोपज केव्हा घ्यावयाचे हे गावाने एकत्र बसून ठरवावे, हे तत्त्व पंडुमाने फार पूर्वीपासून आचरणात ठेवले होते. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डोंगराशी निगडित धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभांकडे सोपवला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथे दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते. त्याच डोंगररांगेत २०२१पासून मोठ्या प्रमाणावर लोहखनिजाचे उत्खनन सुरू आहे. रोजगाराचा मुद्दा तेथे खरा आहे. परंतु डोंगरच देव असेल तर यात्रेचे स्थलांतर करता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

महाविद्यालयांपुढील कार्य

यावर सर्वांत सोपा उपाय सुचतो तो स्थानिक सुट्टीचा. जिल्हाधिकाऱ्यांना तशी सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार आहे आणि पोळ्यासारख्या सणासाठी तो उपयुक्तही आहे. पंडुमाला मात्र तो लागू पडत नाही. संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच तारीख निश्चित केली, तर झाड पाहून दिवस ठरविण्याचा गावाचा अधिकारच संपुष्टात येईल. सन्मान करण्याच्या भरात आपण सणाचा प्राण काढून घेऊ.

म्हणून अन्य मार्ग अवलंबावे लागतील. मोहफूल व तेंदूपाने संकलनाचा काळ उन्हाळी परीक्षांच्या आगेमागे येतो. अंतर्गत चाचण्या व प्रात्यक्षिके त्या आधी आटोपणे बहुतांशी महाविद्यालयाच्या हाती असते. गावाच्या सणासाठी मागितलेली रजा उपस्थितीच्या हिशेबात सवलतीने धरता येईल. विद्यार्थ्यांकडून त्यांच्या गावाची सणदिनदर्शिका तयार करून घेतल्यास मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांचा एकत्रित क्षेत्रप्रकल्प उभा राहील. कोणत्या वर्षी कोणत्या गावात पंडुम कधी झाला याची दहा-वीस वर्षांची नोंद हवामानबदलाच्या अभ्यासकालाही मोलाची ठरेल. नोंदींची एक प्रत ग्रामसभेकडे असावी, कारण ते ज्ञान तिचे आहे.

समारोप

२०११मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने या परिसराचे नाव धारण केले आहे. त्या नावाला साजेसे काम सुट्ट्या वाढवून होणार नाही. पंचांगाची तिथी आणि शासनाची तारीख यांच्या बरोबरीने गावाचा निर्णय हाही कालगणनेचा एक वैध आधार आहे, हे मान्य केल्यास रिकाम्या वर्गाचा अर्थ आपल्याला वेगळा लागेल आणि गैरहजर विद्यार्थ्याला विचारावयाचा प्रश्नही बदलेल.